इनास मेस्त्रींची जीभ

इनास मेस्त्रींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझ्या काउंटरसमोर उभे राहून एक जुनं, काळंकुट्ट गॅस्केट चाटत होते. चाटत म्हणजे खरोखर जिभेने. मी मनात म्हटलं, झालं, दुकान टाकून आठवडा नाही झाला आणि वेडी माणसं यायला लागली.

नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट असेल. परळची खोली विकून आम्ही विरार पश्चिमेला फ्लॅट घेतला होता आणि खालच्याच गाळ्यात गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान टाकलं होतं. आमचे हे नोकरीला मुंबईला जायचे, दुकानात मी. खोक्यावरचं नाव वाचून माल काढून द्यायचा, एवढंच मला येत होतं. आणि समोर हा माणूस. खाकी अर्धी चड्डी, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला क्रूस, कानावर पेन्सिल, आणि जीभ बाहेर.

"अहो, काय करताय काय!" मी ओरडलेच.

त्यांनी गॅस्केट शांतपणे खाली ठेवलं, रुमालाने ओठ पुसले. "पानी शिरलंय, बाय. ऑइल असतं तर कडू लागलं असतं. हेड वाकलंय त्याचं. नुसतं गॅस्केट बदलून काय उपेग नाय." आणि काहीही न घेता सायकलवर टांग मारून गेले. गिऱ्हाईक गेलं ते गेलं, वर माझ्या नव्याकोऱ्या काचेवर काळा डाग ठेवून गेलं.

पुढे तोच माणूस माझा गुरू झाला. गाड्यांबद्दल मला जे काही कळतं ते सगळं त्यांनी शिकवलेलं. आगाशीच्या पुढे त्यांची केळीची आणि पानवेलीची वाडी होती, वाडीत फणसाखाली गॅरेज. बाकी कामं तालुक्यातला कोणीही मेकॅनिक करायचा; पण इंजिनाचं हेड बसवायचं असलं की लोक गाडी ओढत मेस्त्रींकडे आणायचे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. इंजिनाचा खालचा ठोकळा लोखंडी, वरचं झाकण, म्हणजे हेड, बऱ्याचदा ॲल्युमिनियमचं. दोघांच्या मध्ये भोकाभोकांचा एक पातळ थर असतो, ते हेड गॅस्केट. आतला जाळ बाहेर येता कामा नये, आणि इंजिन गार ठेवणारं पाणी जाळात जाता कामा नये, हे सगळं त्या एवढ्याशा थराने सांभाळायचं. मेस्त्री म्हणायचे, "बाय, गॅस्केट म्हंजे दोघा भावांच्या भांडनात मधी उभी ऱ्हायलेली आई. मार तिलाच बसतो, आनि नाव कोन घेत नाय."

गॅस्केट निवडायला आले की माझा अर्धा तास गेलाच म्हणून समजा. पाकीट फोडल्याशिवाय घ्यायचे नाहीत. उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघायचे. डाव्या करंगळीचं नख त्यांनी मुद्दाम वाढवलेलं होतं, ते कडेकडेने फिरवायचे आणि कुठे किंचित अडकलं तर पाकीट मला परत. "हे दुसऱ्या कोनाला पन विकू नको." मी चिडायचे. म्हणायचे, मेस्त्री, तुम्ही माझे गिऱ्हाईक आहात की इन्स्पेक्टर? ते हसायचे, पण घ्यायचे नाहीत. रविवारी चर्चमधली मिस्सा आटपून पांढऱ्या स्वच्छ शर्टात आले तरी हेच. आणि जुनं गॅस्केट दिसलं की चाटायचं. पाणी, तेल, पेट्रोल, सगळं त्यांना जिभेवर कळायचं. तालुक्यातल्या निम्म्या गाड्या त्यांनी चाटल्या असतील.

एकदा मी गॅरेजात असताना नायगावचा एक तरुण गाडी घेऊन आला. केस उभे, गाडीला मोठा नळकांड्यासारखा सायलेन्सर. "मेस्त्री, सर्वात पातळ गॅस्केट टाका. पिकअप पायजे." गॅस्केट पातळ असलं की इंजिनातला दाब वाढतो, गाडी उसळी मारते; हे एवढं त्या पोराने कुठेतरी वाचलेलं.

"पळून कुठं जायचंय?" मेस्त्रींनी विचारलं.

"कुठे म्हणजे? असंच. हायवेला."

"मंग जाडं घाल. असंच जायाला जाडं पुरं होतं."

पोरगा पाय आपटत गेला. मी म्हटलं, तुम्हाला जमत नाही म्हणून सांगा की सरळ. तर मेस्त्री असे माझ्याकडे बघायला लागले की मी पिशवी उचलून निघालेच. जमत नाही हा शब्द त्यांना फार लागला होता.

आता कतरीनमावशीबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मेस्त्रींची बायको. मेस्त्री जेवढे कमी बोलायचे तेवढी ती जास्त. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, गाण्यात पहिला आवाज तिचा, आणि वाडीच्या या टोकावरून त्या टोकाला नवऱ्याला हाक मारायची तर आगाशीच्या बाजारात ऐकू जाईल. मी गेले की केळीच्या पानात बांधलेली सुकेळी हातावर ठेवायची आणि नवऱ्याच्या तक्रारी सुरू. "ह्यांना इचार, माझ्या हातची कढी कवा चाखून बघितली? गाडीचं पानी चाखतील, माझी कढी नाय!" मेस्त्री पान्यावर पान्याने ठोकत बसायचे. जोडपं म्हणून दोघं एकमेकांना अगदी शोभायची.

आणि आता माझं. हे सांगायचं टाळलं असतं, पण मग मेस्त्रींचं काहीच खरं सांगितलं नाही असं होईल.

आमच्या बिल्डिंगला पाणी नव्हतं. आठवड्यातून दोनदा नळाला करंगळीएवढी धार, तीही कधी येईल याचा नेम नाही. बायका माझ्या दुकानात येऊन रडायच्या, तान्ह्या पोरांचे लंगोट धुवायची पंचाईत. एक दिवस मी मेस्त्रींच्या वाडीत गेले. त्यांच्या दोन विहिरी. एक घराशी, लहान, पिण्याची. दुसरी वाडीतली, मोठी, जुन्या दगडी बांधणीची, रहाट गेला तरी रहाटाचे खांब उभे होते. मी म्हटलं, मेस्त्री, एक टँकर रोज द्या. आमचा टँकरवाला येऊन भरून नेईल.

ते विचारात पडले. वाडीवाले सहसा पाणी द्यायला तयार नसायचे, गावात त्यावरून कुरबुर चालू होती. कतरीनमावशी आतून ओरडली, "पोरांच्या अंगावर घालायला पानी मागते ती, सोनं नाय मागत! द्या की!"

"वापर, बाय," मेस्त्री म्हणाले. "बाव आटायची नाय."

बाव, म्हणजे विहीर, आटली नाहीच. एक टँकर आमचा. मग टँकरवाल्याने शेजारच्या बिल्डिंगीचा दुसरा घातला, मग चौथा, मग दिवसभर मोटर चालूच. मेस्त्रींनी थांबवलं नाही, कारण तोवर त्यांच्या डोक्यात ॲम्ब्युलन्स शिरली होती.

गावच्या पोरांच्या मंडळाने एक जुनी व्हॅन घेतली होती, आजाऱ्यांना मुंबईच्या इस्पितळात न्यायला. नाव ॲम्ब्युलन्स, पण चाल म्हशीची. हायवेच्या चढाला मागून सायकलवाला पुढे जाईल. तिच्यातून नेताना गावातला एक माणूस वाटेतच गेला. त्याच्या मातीवरून परत आल्यावर मेस्त्री मला म्हणाले, "हिला पळाया शिकवतो, बाय. हिला पळून कुठं जायचंय ते मला ठावूक हाय."

मग सुरू झालं. काळ्यापिवळ्या टॅक्सीचं इंजिन आणलं. हेड घासून पातळ केलं. मोठा कार्ब्युरेटर, भंगारातून शोधून आणलेला कॅमशाफ्ट. टँकरवाल्याकडून पाण्याचे जे काही पैसे मिळायचे ते सगळे त्या इंजिनात जायचे. म्हणजे बघा, आम्ही अंघोळी करत होतो आणि तिकडे ॲम्ब्युलन्स बांधली जात होती. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा.

अडलं ते गॅस्केटवर. माझ्याकडची दोन पातळ लावून बघितली, दोन्ही हायवेवर पहिल्याच चढाला फुटली. मग मेस्त्री एका दुपारी माझ्या दुकानात येऊन बसले. काउंटरवर दोन गॅस्केटं मांडली आणि नखाने एकेकाला टोचत राहिले.

"हे जाडं. टिकंल, पन दाब खाईल, मंग मेहनत केली कशाला? हे पातळ. पळंल, पन कवा फुटंल नेम नाय. आत मानूस असताना फुटलं तर?"

"मग काय करायचं?"

दोन्ही गॅस्केटं त्यांनी बाजूला सारली. मग म्हणाले, "तांबं."

तांब्याचं गॅस्केट बाजारात कुठे मिळायचं! ते घरी गेले आणि माळ्यावरचा अंघोळीचा बंब काढला. कतरीनमावशीच्या आईने लग्नात दिलेला, तळाला गळका, पण पत्रा एकसारखा, जाड. मी तिथेच होते म्हणून सांगते, मावशीने वाडी डोक्यावर घेतली. "माझ्या आयशीचा बंब! साऱ्या वसईत तुमाला दुसरं तांबं नाय गावलं?" मेस्त्री पत्रा कापत राहिले. तासाभराने बघते तर मावशी स्वतःच चिंच घेऊन तो पत्रा घासत बसलेली. "दुखन्याईत मानसाच्या गाडीत जायचाय," मला म्हणाली, "असा काळा कसा देऊ?"

मेस्त्रींनी तो भट्टीत लाल केला आणि विहिरीच्या पाण्याच्या बादलीत बुडवला. तांबं असं केलं की मऊ होतं, दोन्ही बाजूंना घट्ट बिलगतं. चार दिवस कानस आणि मायक्रोमीटर. बसवलं, बोल्ट आवळले, गाडी हायवेला नेली. ती अशी सुटली की मागच्या बाकावर बसलेली कतरीनमावशी घाबरून मोठमोठ्याने देवाचं नाव घ्यायला लागली, आणि मग तेवढ्याच मोठ्याने हसायला लागली.

वर्षभर गाडी धावली. कितीतरी माणसं वेळेवर पोचली. मेस्त्री कुठे मिरवले नाहीत, पण माझ्या दुकानावरून ती गाडी घोंघावत गेली की हातातलं काम थांबवून आवाज नाहीसा होईपर्यंत ऐकत राहायचे.

एप्रिलमधल्या एका दुपारी सुकेळी करायला केळी सोलता सोलता कतरीनमावशीच्या हातून सुरी पडली. तोंड वाकडं झालं, उजवा हात उचलेना. मेस्त्रींनी तिला उचलून व्हॅनमध्ये घातलं आणि स्वतः चालवायला बसले. चिंचोटीच्या फाट्यापर्यंत पोचले. तिथे इंजिनाने पांढरा धूर सोडला आणि बंद पडलं.

भर उन्हात हायवेच्या कडेला मेस्त्री हात वर करून उभे. गाड्या थांबेनात. एक भाजीचा टेम्पो थांबेपर्यंत तास होऊन गेला. मावशी वाचली. पण इस्पितळात डॉक्टर म्हणाले, जरा आधी आला असता तर वाचा राहिली असती. उजवं अंग गेलं आणि तो आवाज गेला. अख्खा गेला. नंतर एक "अं" तेवढा उरला.

मी घरी भेटायला गेले तेव्हा मेस्त्री फणसाखाली त्या व्हॅनचं हेड उघडत होते. मी बाजूला उभी राहिले. हेड उचललं, तर तांबं जसंच्या तसं, चकचकीत. पण त्याला टेकलेलं ॲल्युमिनियम पाण्याच्या भोकांभोवती खाल्लं गेलं होतं, पांढऱ्या पिठासारखं झालेलं. मेस्त्रींनी ते पीठ नखावर घेतलं आणि जिभेला लावलं.

मग उठले. वाडीतल्या विहिरीवर गेले, बादली सोडली, ओंजळीने पाणी तोंडात घेतलं आणि थुंकले. तिथेच खाली बसले.

"खारं हाय, बाय."

इतकं पाणी उपसलं की आतून खाडीचं खारं पाणी शिरलं होतं. तांबं आणि ॲल्युमिनियम गोड्या पाण्यात शेजारी शेजारी नांदतात, खाऱ्यात एक दुसऱ्याला खातं. हे मेस्त्रींना चांगलं ठाऊक होतं. गॅस्केट निवडताना त्यांनी दाब विचारात घेतला, जाडी घेतली, बोल्ट घेतले. पाणी नाही घेतलं. आगाशीकडच्या माणसाला विहिरीचं पाणी गोडं की खारं हा प्रश्न पडतच नाही हो! घरात प्यायला लहान विहीर, गॅरेजला आणि गाड्यांना वाडीतली. केळीची पानं कडेने करपत होती, तर त्यांना वाटलं रोग पडला. दुनियेची गॅस्केटं चाटणाऱ्या माणसाने वर्षभरात स्वतःच्या वाडीचं पाणी एकदाही जिभेला लावलं नव्हतं.

आणि आम्ही? बिल्डिंगीतल्या बायका पाच-सहा महिने म्हणत होत्या, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. मीही म्हणत होते. पण मेस्त्रींना सांगितलं नाही. टँकर बंद झाला तर काय, ही भीती. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

याहून वाईट पुढे आहे. मेस्त्रींनी टँकर बंद केला. आठ दिवस आमची बिल्डिंग कोरडी. कमिटीचे लोक माझ्या दुकानात आले, म्हणाले, तुमची ओळख आहे, धुण्यापुरतं तरी मिळतं का बघा. मी गेले. कतरीनमावशी ओटीवर खुर्चीत, मान कलती, सून तिच्या तोंडात पेज घालतेय. ते बघून परत फिरायला हवं होतं. माझी जीभ कशी वळली देव जाणे, पण मी विचारलं.

मेस्त्री रागावले असते तर बरं झालं असतं. "ने की, बाय," म्हणाले. "खारं चालत असंल तर ने."

मी रडत रडत आगाशीच्या बस स्टॉपवर आले. परत पाणी मागितलं नाही.

त्यानंतर मेस्त्रींनी पळणारं इंजिन बांधलं नाही. साधी कामं करायचे, जाड गॅस्केटं न्यायचे. तांब्याचं गॅस्केट गॅरेजच्या खांबाला खिळ्यावर टांगून ठेवलं. मी एकदा म्हटलं, काढून टाका ते, सारखं डोळ्यांसमोर कशाला? म्हणाले, "बाव गोडी झाली की काढीन." गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, गाडीत पानी कुठचं भरतोस? आणि दर रविवारी मिस्साहून आले की विहिरीवर जायचे, ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचे. घरी येऊन मावशीसमोर मान हलवायचे, नाही म्हणून. वर्षानुवर्षं हे चाललं. पावसाळ्यानंतर वर वर जरा बरं लागायचं, होळीपर्यंत पुन्हा खारं. मला एकदाही बोल लावला नाही त्यांनी. कधीतरी लावतील म्हणून मी वाट बघायचे, खरंच सांगते.

आमच्याकडे नळाला पाणी आलं. टँकर गेले. मी दुकान भाच्याच्या हाती दिलं. मेस्त्री आजारी आहेत असं कळलं तेव्हा दोन हजार आठ चालू असेल. मी भेटायला गेले. रविवारच होता. ओटीवर दोन खुर्च्या, एकीत मावशी, दुसरीत मेस्त्री, पार वाळलेले. करंगळीचं नख मात्र तसंच.

"औषधांनी जीभ मेली, बाय," ते म्हणाले. "मीठ का साखर, काय कळत नाय. आता ही चाखते माझ्यासाठी."

सुनेने विहिरीचं पाणी तांब्यात आणलं. मेस्त्रींनी चमचा भरून मावशीच्या ओठांना लावला आणि तिच्या तोंडाकडे बघत बसले. मावशीने पाणी तोंडात धरलं. बराच वेळ धरलं. नवऱ्याकडे बघितलं. मग गिळलं, आणि मान डोलावली. अर्धं तोंड हसलं. "अं," म्हणाली.

"गोडं?" मेस्त्री पुढे वाकले. "खरं?"

तिने पुन्हा मान डोलावली.

"बाय! ऐकलंस? गोडी झाली बाव! घे, तू पन घे!" आणि तोच चमचा भरून माझ्यापुढे धरला. मी घेतला.

खारं होतं. तोंड वाकडं व्हावं इतकं नाही, पण खारं. मी मावशीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती, पापणी न हलवता. बोलता यायचं तेव्हा ती मला एवढं कधी बोलली नव्हती.

"गोड आहे, मेस्त्री," मी म्हटलं.

त्यांचे डोळे भरले. सुनेला म्हणाले, जा, खांबावरचं ते काढ. तिने गॅस्केट आणून दिलं, हिरवं पडलेलं. मेस्त्रींनी ते लुंगीला पुसलं आणि मावशीच्या मांडीवर ठेवलं. "घे तुझ्या आयशीचा बंब." मावशीने डावा हात त्यावर ठेवला. मला तिथे बसवेना. येते म्हणून उठले.

फाटकाशी पोचल्यावर मागे बघितलं. मेस्त्रींनी तांब्या तोंडाला लावला होता आणि विहिरीचं पाणी घटाघटा पीत होते, थेंबही न सांडता. मावशी त्यांच्याकडे बघत होती. तिला पुरे म्हणता येत नव्हतं. मला येत होतं, पण मी फाटक लावून घेतलं.